जुन्या गाडीला काय लावायचं

करी, किंग आयलंड
३ जून

मॅक्सी,

गाडी घेतली! माझी. कागदावर फक्त माझं नाव. हे आधीच लिहून टाकते, कारण पाकीट उघडलंस तरी तू दुसऱ्या ओळीपर्यंत जाशील याची खात्री नाही. फोन तर तू उचलत नाहीस. मागच्या ख्रिसमसला उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास, ते मी धरत नाही. पत्र निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावं लागतं.

टोयोटा. चोवीस वर्षांची, पांढरी, मागे उघडा हौदा, पुढे दोर ओढायचा विंच. ब्रोकन हिलच्या कोणा पास्कोची. ब्रोकन हिल म्हणजे तुझ्या कालगुर्लीचंच भावंड, वर्षाकाठी चार शिंतोडे. तिथल्या लोखंडाला गंज ठाऊकच नसतो. आपल्या बेटावर चोवीस वर्षांची गाडी तू कधी पाहिलीस का गं? इथे दहाव्या वर्षी दार उघडायला जावं तर दारच हातात येतं.

आता म्हणशील, एकसष्टाव्या वर्षी म्हातारीला काय खूळ लागलं. ऐक तर. केल्पच्या कारखान्याच्या नव्या मॅनेजरने मला बोलावलं होतं. दीपगृहापासून काळ्या खडकांपर्यंतची किनाऱ्याची पट्टी, म्हणजे बाबांची, म्हणजे आपली, रिकामी होतेय. सध्याचं जोडपं थकलं, मुलाकडे चाललंय. एक ऑगस्टपासून ती दुसऱ्या कोणाला द्यायचीय. अट एवढीच की स्वतःची धड गाडी हवी आणि माणसं दोन हवीत. एकाने पाण्यात उतरून वाहून आलेल्या केल्पच्या शेवाळाला दोर लावायचा, दुसऱ्याने विंच चालवायचा. अकरा वर्षं मी लोकांच्या गाड्यांमागे मजुरीने ओला केल्प ओढला, मॅक्सी. मॅनेजर बोलत होता आणि माझे पाय टेबलाखाली नाचत होते.

दुसरं माणूस मिळेल कोणीतरी.

प्रश्न वेगळाच आहे. गाडी येईल ती कोरडी येईल. पण पहिल्याच दिवशी ती खाऱ्या पाण्यात उभी राहणार, हौद्यातून केल्पचं पाणी चासीवर गळत राहणार. तिला काय लावायचं म्हणजे ती टिकेल? तू हार्डवेअरच्या दुकानात बसतेस, शंभर डबे रोज तुझ्या हाताखालून जातात. सांग ना.

आपल्या जुन्या पिवळ्या गाडीचा, पिवळीचा, विषय मी काढत नाही. त्या दिवशी भार जास्त झाला होता असं मी तेव्हा म्हटलं होतं, आणि जाऊ दे. आनंदाच्या पत्रात ते नको.

तुझी,
रॉन्डा

१० जून

मॅक्सी,

तुझं उत्तर नाही. चालेल. मी विचारत सुटले आहे, सगळ्या बेटाला विचारलं. प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि प्रत्येकाची स्वतःची गाडी गंजलेली!

बेकरीवाली म्हणते, इंजिनाचं वापरलेलं काळं तेल फवार, फुकट मिळतं. मी तसं ठरवतच होते. पण ते रबरं खातं आणि किनाऱ्यावर गळत राहतं. केल्पला त्याचा वास लागला तर कारखाना अख्खा हौदा परत पाठवेल. ते बाद.

मग माशाचं तेल. आत झिरपतं छान, वाळलं की पातळ कातडीसारखं बसतं. पण एकाने लावलंय ती गाडी बघून आले. टपावर तीन मांजरं बसली होती आणि चौथी खालून बोनेटमध्ये शिरायच्या बेतात होती.

मग मला एक विजेची डबी सापडली. बॅटरीला जोडायची की गंज म्हणे गाडीकडे फिरकतच नाही. मी अगदी उड्या मारत लायलकडे गेले. लायल ब्रीहनी. तू होतीस तेव्हा लोकर कातरायचा आणि मधूनमधून वेल्डिंग, आता पाठ गेली म्हणून नुसतं वेल्डिंगच करतो. बोलणं मात्र तसंच कातरीसारखं आहे.

त्याने डबी उलटी-पालटी केली. म्हणाला, "नावेच्या बुडाला जस्ताचा तुकडा बांधतात, तो नावेऐवजी झिजतो. पण नाव चोवीस तास पाण्यात असते. तू काय गाडी चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवणार आहेस?"

"नाही."

"तुझं चालवणं बघता तेही होईल म्हणा. तरी डबी परत कर."

केली परत.

मग मेणाचं सांगितलं त्याने. गरम करून पोकळ भागांत फवारतात. चांगलं असतं, पण खालच्या बाजूला दगड लागले की टवके उडतात, आणि आत थेंबभर ओल राहिली तर ती तिथेच कोंडते. आणि शेवटी हसत हसत शेडच्या कोपऱ्यातला पिंप दाखवला. लॅनोलिन! मेंढीच्या लोकरीतली चरबी गं. कातरण्याच्या दिवसांत याचे हात बाळासारखे मऊ असायचे, आठवतं? ही चरबी वाळत नाही, मऊच राहते, आणि फटीत आपल्याआपण सरकत जाते. पाणी वरून घसरून जातं. एकच खोड, ती दरवर्षी पुन्हा मारावी लागते.

"मेंढ्यांनी हजारो वर्षं पावसात उभं राहून याची चाचणी घेतलीय," लायल म्हणाला. "एक तरी गंजलेली मेंढी पाहिलीस?"

त्यानेच शेवटी विचारलं, "आणि डांबर? बाहेरून डांबर का नको? लोक तर तेच फासतात."

मी म्हटलं डांबर नको. तो म्हणाला का. मी म्हटलं नको म्हणजे नको.

तुझा पाय थंडीत दुखतो का अजून? हे मी उगीच विचारलं. कोरड्या हवेत बरा असेल.

रॉन्डा

१९ जून

मॅक्सी! आली!

काल ग्रासीच्या धक्क्यावर जहाजातून उतरवली. मी सकाळी सातपासून तिथे उभी, हातात चहाचा थर्मास आणि खिशात खिम्याची पेस्ट्री, ती खायचं भानच राहिलं नाही. दोरीवर टांगलेली ती पांढरी बाई हळूहळू खाली आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. एकटीने. धक्क्यावरचे लोक बघत होते, बघू देत.

किल्ली फिरवली की पहिल्या फटक्यात चालू. दारं लागताना कशी वाजतात सांगू? चर्चच्या दारांसारखी. मी तिला सगळ्या बेटावर फिरवून आणली. आपल्या पट्टीवरही नेली, पण वरच, रस्त्यावर उभी केली. खाली वादळाने गळ्याएवढा केल्प आणून टाकलाय. ओले, जाड, चामड्याच्या पट्ट्यांसारखे ढीगच्या ढीग. जोडपं चार दिवसांत एक हौदा भरतंय. बघवत नव्हतं. आपण दोघी असतो तर दिवसाला तीन.

लायल खाली शिरला. खालची बाजू काळीभोर, चकचकीत, एक ओरखडा नाही. मी म्हटलं, बघ, कशी नवी नवरी.

त्याने टॉर्च पुढून मागे फिरवला. मग आतूनच म्हणाला, "ब्रोकन हिलच्या गाडीला डांबर कशाला?"

"काळजी घेणारा माणूस असेल."

"ताजं आहे हे. महिनासुद्धा झाला नसेल. खरवडून बघू?"

"नको."

"अगं, थोडंसं."

"नको म्हटलं ना! चांगल्या गाडीला कशाला ओरबाडायचं?"

तो बाहेर आला, माझ्याकडे नीट बघितलं आणि हात पुसत निघून गेला. जाताना म्हणाला, "गाडी तुझी आहे बाई."

माझीच आहे. पहिल्या दिवशी आनंदात असणं हा काही गुन्हा नाही. हो ना?

रॉन्डा

२७ जून

मॅक्सीन,

खरवडलं.

सात दिवस मी गाडीभोवती फिरत होते. धुतली, आतून पुसली, सीटला नवीन कापड शिवलं. खाली मात्र बघितलं नाही. काल दुपारी हातोडी घेतली आणि खाली झोपले. उजव्या दांड्यावर वाजवत गेले. ठण, ठण, ठण. चासीचा धड दांडा कसा वाजतो ते तुला माहीत आहे. आणि मागच्या चाकाच्या वर आवाज आला, थप्. ओल्या लाकडासारखा. पुन्हा मारली. थप्.

स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. डांबराची पापडी तळहाताएवढी निघाली, आणि तिच्यामागून चहाच्या चोथ्यासारखा गंज माझ्या तोंडावर पडला.

पास्कोला फोन केला. मी ओरडत होते, तो शांत होता. गाडी चार वर्षं त्याच्या जावयाकडे होती म्हणे, समुद्रकाठी, कालवांच्या शेतावर. जाहिरातीत ते लिहायचं राहून गेलं. मी म्हटलं, तुम्ही वरून डांबर फासून मला फसवलंत. तर म्हणाला, "बाई, मी काय आत शिरून बघितलं होतं का?"

मी फोन ठेवून दिला.

हे वाक्य माझं आहे, मॅक्सी. चौकशीला तो सरकारी माणूस आला होता, तू तेव्हा लॉन्सेस्टनच्या हॉस्पिटलात होतीस. त्याने विचारलं, चासीची अवस्था कशी होती. मी म्हटलं, मी काय आत शिरून बघितलं होतं का. आणि मग मी त्याला म्हटलं की हौदा माझ्या बहिणीने भरला होता.

बघितलं होतं. पिवळी मोडली त्याच्या नऊ दिवस आधी बघितलं होतं. केबिनच्या मागे, डाव्या दांड्याला. माझी दोन बोटं आत गेली होती. लायल कातरणीला दुसऱ्या टोकाला होता, वेल्डिंग करणारा दुसरा कोणी नव्हता, आणि वादळाने तीन आठवडे पुरेल एवढा केल्प टाकला होता. मी पत्र्याचा तुकडा ठोकला आणि वरून डांबर फासलं. तू वरच्या शेडमध्ये दोर दुरुस्त करत होतीस. संध्याकाळी तू विचारलंस, खाली काय करत होतीस. मी म्हटलं, गंज लागू नये म्हणून डांबर लावलं. तू म्हणालीस, बरं केलंस.

भार नेहमीएवढाच होता. तू बरोबर भरला होतास. अकरा वर्षं हे सगळं बेट म्हणतंय की मॅक्सीनने हाव केली आणि पाय अधू करून घेतला. एकदाही मी त्यांना अडवलं नाही. तू निघालीस त्या दिवशीही विमानतळावर आले नाही. अंगात ताप आहे असं कळवलं होतं. ताप नव्हता.

मला माफ कर असं लिहायचं होतं, पण ते या कागदावर नीट दिसत नाहीये.

रॉन्डा

१६ जुलै

मॅक्सी,

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. पण इतकं काही झालंय की न लिहिता राहवत नाही, आणि दुसऱ्या कोणाला सांगून मजा नाही.

आधी वाईट सांगते. लायलला सगळं सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला, म्हणाला, "मी तिला तोंडावर हावरट म्हटलं होतं, रॉन्डा," आणि शेड बंद करून घरी गेला. दोन दिवस शेडला कुलूप होतं. शुक्रवारी क्लबात सगळे जमले होते तेव्हा मी उभी राहिले आणि तिथेही सांगितलं. बारवरच्या बाईने पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला जाऊन सांगितलं, कारण त्याने ते दुसऱ्याकडून ऐकावं हे बरं नव्हतं. तो म्हणाला, पट्टी अजून कोणाला दिलेली नाही, पण गाडी तो स्वतः खाली वाकून बघणार. म्हटलं बघा. हवं तर झोपून बघा.

आणि सोमवारी सकाळी लायल दारात हजर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "गाडी आण. सगळं डांबर काढायचं, इंचसुद्धा ठेवायचं नाही."

सहा दिवस लागले! तो एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, पत्र्याचे खरवडे आणि तारेचे ब्रश घेऊन. माझे केस, कान, भुवया, सगळं काळं. भोक एकच निघालं, मॅक्सी! उजव्या दांड्याचं तेवढंच. बाकी वरवरचा तांबूस गंज. गाडी खरंच धड आहे गं, तो पास्को लबाड असला तरी गाडी लबाड नाही. मी खाली पडल्या पडल्या हसत सुटले. लायल म्हणाला, पाठीला उसण भरेल, हसू नको.

कुजलेला भाग कापून त्याने जाड पट्टी वेल्ड केली. वेल्डिंग आधी, चरबी नंतर. उलटं केलं तर शेडसकट भडका. मग गोड्या पाण्याने खालून धुतली, पाणी निघायची सगळी भोकं तारेने मोकळी केली. एकातून चिखलासोबत जिवंत खेकडा पडला असता तरी मला आश्चर्य वाटलं नसतं, इतकी वाळू होती. मग हीटर लावून चार दिवस वाळवली. गंजाला काळं करणारं रसायन लावलं, वर बाहेरून दोन हात रंग. ब्रेक आणि रबरं पिशव्यांत बांधली.

आणि परवा लॅनोलिन. डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवायचा म्हणजे ते पातळ होतं. लांब नळी दांड्यात घालायची, तिच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारं तोंड, आणि दाबत दाबत हळूहळू मागे ओढायची. मी पुढून दाबलं आणि मागच्या भोकांतून धुक्यासारखा फवारा बाहेर आला. एकातून, मग दुसऱ्यातून, मग शेवटच्यातून! म्हणजे आत सगळीकडे पोचलं! मी अशी ओरडले की लायलचा कुत्रा पळाला.

आता गाडीला ओल्या मेंढरांचा वास येतो आणि माझ्याही अंगाला येतो. पण मुख्य सांगते, या चरबीतून खालचं सगळं दिसतं. कुठे तांबूस झालं तर लगेच कळेल. रोज किनाऱ्यावरून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं, वर्षाला पुन्हा फवारायचं. कष्टाचं आहे. मला हेच हवं होतं.

काल पट्टीवर नेली, पहिल्यांदा खाली, खडकांपर्यंत. जोडप्याने एक ओढ करू दिली, विंचवरही त्यांच्यातलंच एक बसलं. मी पाण्यात उतरले, दोर लावला, विंच ओरडला, आणि सगळा काळा ढीग एका लयीत वर सरकला, गाडी जागची हलली नाही. मॅनेजर खाली झोपून बघून गेला. "ठीक आहे," म्हणाला. "आणि दुसरं माणूस?"

मॅक्सी, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मिळेल कोणीतरी. तसं कोणी मी शोधलंच नव्हतं. गाडी घेतानाच विंचचा दांडा मी बसून चालवायच्या उंचीवर बसवून मागितला होता. दगडावर उभं राहावं लागणार नाही, पायावर जोर येणार नाही. हे विचारायचा मला हक्क नाही हे कळतं. तू नाही म्हटलंस तरी मी पुन्हा लिहीन, गाडीबद्दलच लिहीन.

तुझी,
रॉन्डा

कालगुर्ली
२४ जुलै

रॉन्डा,

तुझी पाचही पत्रं मिळाली. फाडलं एकही नाही.

चौथ्या पत्रात तू पत्र्याचा तुकडा लिहिलंस. तुकडा नव्हता तो. आईच्या बिस्किटांच्या डब्याचं झाकण होतं, निळं, घोडागाडीचं चित्र असलेलं. पिवळी मोडली तेव्हा तू मदत आणायला धावलीस आणि परत यायला चाळीस मिनिटं लागली. मी गाडीखाली अडकले होते, आणि दांड्याचं मोडलेलं टोक माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. डांबर सोललं होतं. घोडा दिसत होता, गाडीचं एक चाक दिसत होतं. मान वळत नव्हती, म्हणून चाळीस मिनिटं तेच बघत होते.

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोलले नाही, कारण मला वाटलं तू बोलशील. पहिलं वर्ष रोज वाट बघितली. मग बेट सोडलं. मग वाट बघणंही सोडलं. झाकणाचं तू आता विसरलीस की अजून एवढंसं लपवून ठेवलंस, हे मला ठरवता येत नाहीये. भेटल्यावर विचारेन.

लायलने फोन केला होता. रडत होता, गाढव. त्याला म्हटलं, पुरे.

माफीचं मला अजून काही माहीत नाही. एवढं सांगते की चौथं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दुप्पट खिळे मोजून दिले. आणि सहावं पत्र येतंय का म्हणून आज टपालपेटी तीनदा उघडली. हसू नकोस.

आता कामाचं. लॅनोलिन बरोबर निवडलंत. पण पट्टी वेल्ड केलीय तिथे दांड्याच्या आतलं लोखंड जळून उघडं पडलेलं असतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो. लायलला सांग, तिथे नळी पुन्हा घाल आणि दोनदा फवार. तुमच्या किनाऱ्याला वर्ष चालणार नाही. सहा महिन्यांनी मारायचं.

आठ दिवसांची रजा काढली आहे. शुक्रवारी दुपारच्या विमानाने येतेय. मॅनेजरला माझं नाव अजून देऊ नकोस, द्यायचं असेल तर मी देईन. विमानतळावर तीच गाडी घेऊन ये. मी लगेच आत बसणार नाही. आधी खाली झोपून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून बघणार. हातोडी माझी आणतेय. तू अंगाखाली घालायला काहीतरी आण, तिथली जमीन या दिवसांत ओली असते.

मॅक्सीन